सरजाचं ‘नाई’

ये गं शालू, अशी जवळ बस. आणि हे काय ऐकते मी? पाण्यात बुडी मारायला तू विमानानं अंदमानला निघालीस? बाई गं, आपल्या गावच्या तलावात कधी घोट्याएवढी तरी उतरलीस का? आधी आमची सरजा ऐक, मग भर ती बॅग.

सरजा ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची. आरमोरीजवळ आमच्या गावात आमची आणि तिची घरं पाठीला पाठ लावून. ती डोळे मिटून बुडी मारायची. उघडे ठेवून तरी काय, तलावाचं पाणी चहासारखं गढूळ! मी काठावर माझे श्वास मोजायची. पुष्कळ वेळानं तिचं डोकं वर यायचं आणि मुठीत कधी कमळाचा कांदा, कधी कुणाची बुडालेली लोटी. म्हणायची, "हात पाहते ना वं सबन, डोळ्याले काऊन तरास?"

खरं सांगते, मी जळायची तिच्यावर. मला पोहता येत नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी अक्षरं शिकले होते, तेवढीच माझी ऐट. पण सगळ्या बायका विचारणार सरजाला. माझी आईसुद्धा!

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं, आम्ही सतरा-अठराच्या. तलावाचं पाणी धानाला सोडायचं दार खाली अडकलं आणि मुंबईकडचा एक साहेब आला. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर काच. सगळं गाव पाळीवर, तलावाच्या बांधावर जमलं. साहेब खाली गेला, वर आला, म्हणाला, "काहीच दिसत नाही." सरजानं कासोटा खोचला, त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली नेऊन त्याचा हात बरोबर अडकलेल्या दगडावर ठेवला. दोघांनी मिळून दार मोकळं केलं.

साहेब खूश. "समुद्रावर चल. तिथं पाणी काचेसारखं, रंगीबेरंगी मासे, सगळं दिसतं."

सरजा म्हणाली, "सबन दिसते तं डुबाचं काऊन जी? काठावरूनच पाहा ना!"

लोक पोट धरून हसले. साहेबही हसला, पण म्हणाला, "विचार कर. मी पत्र पाठवतो." सरजानं पत्ता माझ्या घरचा दिला, कारण वाचणारी मी.

पत्र आलं. काम आहे, राहायची सोय आहे, ये. मी वाचलं आणि अंगाची आग झाली. समुद्र मी चित्रातही पाहिला नव्हता, आणि बोलावणं कुणाला, तर जिला तो नकोच होता तिला! मी ते पत्र तांदळाच्या मडक्यात खुपसलं. तशीही ती जाणार नाही, असं मनाला समजावलं.

महिनाभरानं सरजा आपणहून म्हणाली, "साहेब भुलला वाट्टे मले." इतकं एवढंसं तोंड तिचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग राहवलं नाही. पत्र काढून वाचून दाखवलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मी नाईच जाणार होती. पन नाई म्हनाचं माहं होतं वं. तेबी तूच घेतलं?"

आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी दारात येऊन बसली. "घे कागद. लिही. सरजा येत नाई. माहा तलाव अजून पुरा पाहून नाई झाला. तुमीच या."

मी तिचेच शब्द लिहिले. म्हणाली, "वाच." वाचलं. "आता अखीन एकदा वाच." मग अंगठा उठवला. आणि पत्र टपालात टाकायला माझ्याकडे नाही दिलं गं, स्वतः आरमोरीला चालत गेली.

पुढं बोलणं झालं, हसणं झालं, पण कागद वाचून घ्यायला ती नेहमी दोघांकडे जायची. आधी माझ्याकडे, मग पडताळायला दुसऱ्या कुणाकडे. साहेब काही आला नाही. सरजा म्हातारी होईपर्यंत त्याच तलावात उतरत राहिली, आणि गेली तेव्हाही तिचा तलाव पुरा पाहून झाला नव्हता म्हणे.

तर शालू, जा की नको जाऊ, ते तुझं तू सांग, मी मध्ये बोलणार नाही. पण आधी गावाला आमच्याकडे ये. सरजाची नात तुला हात धरून खाली नेते. मी पाळीवर बसून जळेन थोडी, ते चालेल मला. लवकर ये मात्र, माझे पाय पाळीपर्यंत चालतात तोवर.