उन्हात निळं पडणारं खनिज

मुलांनो, आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. अमरावतीच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. सापडेल तो दगड जिभेला लावून बघायची त्यांना खोड आहे.

अकोल्याकडे, पूर्णेकाठच्या आमच्या शेतात विहीर खोदताना एक जुनं हाड निघालं. त्याला पांढरे खडे चिकटले होते. मी शेतातून फोनवर सांगताच हे शेजारी म्हणाले, "चिखल पुसू नका, बाई. ओलं पोतं टाका." त्यांना ते व्हिव्हियनाइट वाटलं. लोह आणि फॉस्फेटचं हे दुर्मीळ खनिज ते नोकरीभर शोधत होते.

ते गाडीने शेतात पोचले तेव्हा विहीर खोदणारा हसला. "चुन्यासाठी इतक्या दूर आले काय, भाऊ? पानाले लावता काय?"

त्यांनी चिमूटभर पांढरं खरवडून उन्हात कागदावर ठेवलं. बाकीचं हाड चिखलासकट काळ्या कापडात गुंडाळून डब्यात घातलं आणि कागदाशेजारी उकिडवे बसले. तासाभरात चिमूट निळी पडली.

"अबे, हे तं खरंच निळं होऊन राहिलं!" खोदणारा ओरडला.

मी शेजाऱ्यांना म्हटलं, "डबा एकदा उघडा, नातवंडांसाठी फोटो काढते."

"नाई, बाई. उजेड लागला का हेबी निळं पडते, मंग फुटते. कॉलेजच्या पोराईले हे जसंच्या तसं भेटलं पायजे. तुमी कागदावरच्याचा काढा."

मला नकार ऐकायची सवय नाही. "तुम्ही स्वतः तरी नीट पाहिलंत का?"

"झाकन लावतानी पायलं नं," ते म्हणाले, आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.