भिंतीपलीकडचा टीव्ही

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घराची एक भिंत सामाईक आहे. पलीकडे एक लिथुआनियन आजोबा एकटेच भाड्याने राहतात. त्यांचा टीव्ही इतक्या मोठ्याने चालायचा की हवामानाचा अंदाज मला माझ्या ओट्याशी उभ्या उभ्या कळायचा. दोनदा जाऊन बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. माझं डोकं फिरलं आणि मी नाव न देता कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तक्रार ठोकून दिली. फॉर्म भरताना फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

भोगीच्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या खिडकीत मेणबत्ती दिसली. खिडकीत दिवा म्हणजे सण, एवढंच मला ठाऊक. शिवाय ज्याच्याशी बिनसलंय त्याला तिळगूळ आधी द्यायचा, असं आईने फोनवर बजावलं होतं. बिनसलं होतं ते माझ्या बाजूनेच, त्यांना पत्ताही नव्हता. वड्यांचा डबा घेऊन गेले आणि दार उघडेपर्यंत बेल दाबून धरली. हसून विचारलं, आज तुमचाही सण का?

"नाही," ते म्हणाले. "आज रणगाडे आले होते."

मला आत बसवून त्यांनी सगळं सांगितलं, दुधाचा भाव सांगावा तसं. एक्क्याण्णवच्या जानेवारीत, ह्याच तारखेला, लिथुआनिया स्वतंत्र होऊ पाहत होता, तेव्हा सोव्हिएत फौज विल्निअसचा टीव्ही टॉवर घ्यायला आली. लोक टॉवरभोवती हातात हात धरून उभे राहिले, त्यात आजोबाही. रणगाड्यांनी आधी नुसते आवाजाचे बार काढले, मग माणसांवर चाल केली. ज्या मित्राचा हात ह्यांनी धरला होता, तो चिरडला गेला; मेणबत्ती त्याच्यासाठी होती. ह्यांचा डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. फौजेने टॉवर घेतला आणि देशभर टीव्हीचा पडदा काळा झाला तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली, म्हणाले. तेव्हापासून टीव्ही बंद करवत नाही.

मग त्यांनी घरमालकाचं पत्र माझ्यापुढे धरलं. कुणीतरी कौन्सिलकडे टीव्हीच्या आवाजाची तक्रार केली होती. ती मिटली नाही तर महिनाअखेर घर सोडायचं. त्यांचा संशय त्यांच्या दुसऱ्या बाजूच्या घरातल्या तरुण जोडप्यावर होता. ते दोघे बिचारे मला रोज हसून हॅलो करतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तक्रार मी केली," मी म्हटलं.

ते तसेच मान हलवत हसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते.

तिथेच गप्प बसता आलं असतं, आणि क्षणभर मी बसलेही. मग उठून उजवीकडे गेले आणि टीव्हीच्या वर आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तरुण जोडप्यालाही ऐकू गेलं असावं.

आजोबांनी घरमालकाचं पत्र माझ्याकडे सरकवलं. मग त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं.

"मग उत्तरही तुम्हीच लिहा."

मी लिहायला बसले. त्यांनी डब्यातली एक वडी घेतली. गोड बोला, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.