भुरीसाठी ऑटोमॅटिक दार

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेडिओंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रेडिओ निदान मालक कधी ना कधी घेऊन तरी जातो. किस्से तिथेच पडून राहतात, आणि नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही धूळ झटकून ते पुन्हा चालू करून दाखवतो.

हे दुकान आंधळगावच्या बाजारातलं, वासुदेवभाऊंचं. मी तिथल्या शाळेत मास्तर. शाळा सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे. शेजारी डोमाजी शिंपी. त्यांची मशीन त्यांच्या दुकानात आणि कान आमच्या दुकानात! ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्या या कंपनीचे अख्खे दोन-तीन महिने एका दारापायी गेले. ते दार मांजरासाठी होतं.

* * *

दुकानाच्या मागेच भाऊंचं घर. तिथल्या धानाच्या खोलीत कौसल्यावहिनींची भुरी मांजर व्यायची. एकदा भाऊंनी एरियलची तार ओढायला त्या खोलीचं दार उघडं टाकलं आणि विसरले. गावातला काळा बोका आत शिरला. भुरीचं एकही पिल्लू राहिलं नाही.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलल्याच नाहीत. भाऊंच्या ताटात भात पडायचा, वरण पडायचं, शब्द पडायचा नाही. पुढे भुरी पुन्हा गाभण राहिली तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"या खेपेला एक जरी पिल्लू गेलं, तर मी कोंढ्याले निंघून जाईन. मंग बसा रेडिओसंगं."

कोंढा म्हणजे त्यांचं माहेर. भाऊ घाबरले. दार असं हवं की भुरी हवं तेव्हा आत-बाहेर करेल, पण दुसरं कुणी आत येणार नाही. डोमाजींनी सुचवलं, खालची फळी कापा आणि भोकाला गोणपाटाचा पडदा लावा. तो त्यांनी स्वतः शिवून दिला, वर काठाला लाल पट्टीही लावली. दुसऱ्या दिवशी शेजारची बकरी तो पडदा खाऊन गेली. लाल पट्टी तेवढी तिने सोडली.

डोमाजी म्हणाले, "पट्टीचं कापड चांगलं होतं ना!"

* * *

मग भाऊंनी मनावर घेतलं. नागपूरहून आणलेल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी परदेशातल्या मांजरांच्या दारांबद्दल वाचलं होतं. विजेवर चालणारी! "गुरुजी, तिकडं मांजरीले दार आपोआप उघडते, अन् आपण अजून कड्या लावून राहिलो," असं ते मला म्हणाले. त्यात दोष जणू माझाच होता.

पहिलं यंत्र उजेडाचं. भोकाच्या एका बाजूला टॉर्चचा बल्ब, दुसऱ्या बाजूला फोटोसेल. मांजर मधे आलं की उजेड अडायचा, विजेच्या घंटीतली कॉइल कडी ओढायची आणि झडप उघडायची. भुरी आली, दार उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंनी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत दोन कोंबड्या आत गेल्या होत्या. पुढचे आठ-दहा दिवस गल्लीतली एकूण एक कोंबडी धानाच्या खोलीत जाऊन धान उकरत होती. एक तर जाताना दारासमोर थांबून मान वाकवायची. भाऊंच्या मते तिला तत्त्व समजलं होतं!

* * *

दुसरं यंत्र आवाजाचं. भुरीने म्याँव केलं की माइक तो आवाज पकडणार आणि दार उघडणार. भाऊंनी मोठ्या हौसेने वहिनींना बोलावून दाखवलं. वहिनींनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अन् बोका का इंग्लिशमधी बोलते?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. पण बोक्याने ते दार कधी उघडलं नाही, कारण तो पक्का मुका चोर. दार उघडायचं सकाळी, आकाशवाणीवर शास्त्रीय गायन लागलं की. तान वरच्या पट्टीत गेली की इकडे झडप फटाफट वाजायची. भाऊंना गाण्याचा भारी शौक. त्यांनी चार दिवस रेडिओ बंद ठेवला आणि पाचव्या दिवशी यंत्र काढून टाकलं.

* * *

तिसरं यंत्र मात्र जमलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फोडून भाऊंनी त्याचा एक तुकडा पट्ट्यात बसवला आणि पट्टा भुरीच्या गळ्यात बांधला. चुंबक दाराजवळ आलं तरच आतला स्विच लागायचा. आत जाताना तसंच, बाहेर येतानाही तसंच. कोंबडी नाही, बकरी नाही, शास्त्रीय गायन नाही!

फक्त भुरी गावभर हिंडून यायची तेव्हा तिच्या गळ्याला काय काय चिकटलेलं असायचं. खिळे, टाचण्या, कुणाच्या वहाणेचं बक्कल. एकदा तर माझ्याच शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक निघालं. आणि रोजच्या रोज डोमाजींच्या सुया. आधी डोमाजी चिडले. मग त्यांच्या ध्यानात आलं की दुकानात सांडलेल्या सुया वेचायला आता वाकावं लागत नाही. संध्याकाळी ते हाक मारायचे, "वासुदेवा, तुही मांजर पाठव बे जराशी, झाडून काढाचं हाय."

* * *

एवढ्यात भुरी व्याली आणि नवीनच प्रश्न निघाला. लाइन गेली तर? आमच्याकडे लाइन जायची तेव्हा कुणी 'गेली' म्हणत नसे, आली की तेवढं म्हणत. तेव्हा वीज नसताना दार उघडं राहावं की बंद?

दुकानात रीतसर सभा भरली. डोमाजी म्हणाले, उघडं ठेवा, माय बाहेर अडकली तर पिल्लं उपाशी मरतील. भाऊ म्हणाले, बंद ठेवा, उघडं ठेवून एकदा भोगलं आहे. दोघांचंही मला पटलं. पण चहा भाऊंचा होता, म्हणून मी 'बंद'ला मत दिलं.

* * *

त्यानंतर काही दिवसांनी वहिनी भाचीच्या साखरपुड्याला कोंढ्याला गेल्या. जाताना खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून गेल्या. भाऊंवर तेवढा भरवसा अजून बसला नव्हता. भाऊ झडपेखालच्या फटीतून मासळीचा तुकडा आत सरकवून येत, एवढीच परवानगी होती.

ज्या दुपारी त्या परत येणार त्याच दुपारी डोमाजी मागच्या अंगणातून धावत आले. भुरी आत जात होती आणि झडप पडायच्या आत तिच्या शेपटीमागून काळा बोकाही घुसला होता. आम्ही पळत मागे गेलो. आम्हा तिघांना बघून भुरी बिचकली आणि चटकन बाहेर आली. झडप पडली. आणि लाइन गेली.

आई बाहेर, बोका आत, पिल्लं आत.

भाऊंनी झडप ओढली, ठोकली, पाय लावून पाहिला. दार त्यांनीच बनवलेलं, हलेल कसं? मग दुरुस्तीला आलेल्या सगळ्या ट्रान्झिस्टरांचे सेल काढून त्यांनी एका रांगेत जोडले. कॉइल थोडी गुणगुणली आणि गप्प झाली. भुरी दाराला नखं मारून रडत होती. आतून बोक्याचं गुरगुरणं येत होतं. पिल्लांचा आवाज नव्हता. डोमाजी सभेची आठवण काढणार होते, पण भाऊंचं तोंड पाहून थांबले. खरं सांगतो, मलाही तिथे उभं राहवत नव्हतं. ते मत माझंही होतं.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "आत कोन हाय?"

त्यांनी दाराला कान लावला. आतलं गुरगुरणं ऐकलं, किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

पोत्यांच्या आडोशाला पिल्लांची टोपली होती. त्या टोपलीत काळा बोका आडवा पसरला होता, आणि सगळी पिल्लं त्याच्या पोटाशी एकमेकांवर पडून झोपली होती. एक तर त्याच्या मानेवर चढून झोपलं होतं. आम्हाला पाहून तो पुन्हा गुरगुरला. भुरी आत धावली, त्याच्या अंगावर पाय देऊन टोपलीत उतरली आणि पिल्लांना चाटू लागली. बोका जरासा सरकला.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि भाऊंकडे वळल्या.

"अजी, त्याच्यासाठी बी एक पट्टा बनवा."