ओढ्यावरचा पटकीचा नाका

सरकारी नोकरीत फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही! मी आरोग्य खात्यात कारकून म्हणून जन्म काढला. पण चार जण जमले की माझ्या बदल्या-बढत्यांचं कुणी विचारत नाही. सगळे म्हणतात, "ते नाक्याचं सांगा."

नाका म्हणजे पटकीचा नाका. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. ऐन उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. कराडहून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली. तिथं रस्त्यावर एक बांबू आडवा टाकला, शेजारी राहुटी ठोकली आणि आमची नेमणूक झाली. नियम असा, की टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय ओढा ओलांडायचा नाही. आणि टोचल्यावर सहा दिवस गेल्याशिवाय दाखला लागू नाही. औषध अंगात मुरायला तेवढे दिवस लागतात, असं वरून लिहून आलं होतं.

आम्ही तिघं होतो. सॅनिटरी इन्स्पेक्टर शेंडेसाहेब, यांना सगळी परिपत्रकं तोंडपाठ. टोचणारे कांबळे, यांचा हात एवढा हलका, की माणूस विचारायचा "कवा टोचनार?" आणि कांबळे कापूस टाकून देत असायचे. तोंड मात्र सुईपेक्षा टोकदार! आणि तिसरा मी, दाखले लिहिणारा.

*

पहिल्याच दिवशी एक म्हातारबा काठी टेकत आले आणि बांबूखालून वाकून निघाले. साहेबांनी अडवलं. "आजोबा, जिल्ह्याबाहेर जायला बंदी आहे."

"म्या कुटं जिल्ह्याभाईर चाललोय? साताऱ्यातनं साताऱ्यात चाललोय."

"अहो, पलीकडं सांगली जिल्हा."

"पलीकडं दक्षिण सातारा!"

साहेबांनी समजावलं, की दक्षिण सातारा हे जुनं नाव, आता त्याचा सांगली जिल्हा झालाय.

"कवापास्नं?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

म्हातारबांनी काठी आपटली. "सांगली केली, पर आमाला कुनी सांगितली न्हाई!"

साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी मला डायरीत लिहायला लावलं, 'एका इसमास जिल्ह्याची माहिती दिली.'

*

हसतोय खरं, पण दिवस वाईट होते. पहिल्याच आठवड्यात जवळच्या एका वाडीत एकाच घरातली दोघं गेली. सकाळी बरी होती, दुपारी नव्हती. कांबळे त्या वाडीत घरोघर फिरून टोचून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून कुणी बांबूवरून हुज्जत घातली, की एरवी थट्टेत बोलणारे कांबळेसुद्धा ताठ व्हायचे.

त्याच वाडीजवळ एका बड्या बागायतदाराच्या घरची आजी होती. कडक सोवळ्याची. कांबळ्यांच्या घरानं छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतलेला, हे गावोगाव ठाऊक होतं. आजी ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसली, दंड उघडा केला आणि म्हणाली, "लांबनंच टोच बाबा. शिवू नगंस."

अंगणातली माणसं खाली बघायला लागली. कांबळ्यांनी सुई उकळत्या पाण्यातून काढली, तिच्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आजी, लांबनं टोचायचं तर सुई न्हाई जमायची, बाण मारावा लागंल!"

आजीचा मुलगाच पहिल्यांदा हसला. मग आजी हसली, आणि हसता हसता कांबळ्यांनी दंड धरून काम उरकलं. दुसऱ्या डोसाला कांबळे दुसऱ्या गावी होते, म्हणून दुसरा माणूस गेला. आजीनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाली, "तू नगं. आमचा बाणवाला कुठं हाय?"

*

गुरुवारी ओढ्याजवळ बाजार भरायचा. सांगलीच्या बाजूला बाजारबंदी लागू झाली, साताऱ्याच्या बाजूला अजून हुकूम यायचा होता. तेव्हा माळवं विकणाऱ्या बायकांनी आपल्या भाजीच्या पाट्या अलीकडच्या काठावर मांडल्या आणि गिऱ्हाईकं पलीकडच्या काठावर उभी राहिली! मध्ये गुडघाभर पाणी. भाव ओरडून, माल फेकून.

वांगी गेली, कांदे गेले. कोथिंबीर वाऱ्यानं परत आली. शेंडेसाहेब धावत गेले. "पलीकडं बाजार बंद आहे! गर्दी करू नका!"

पुढची बाई कमरेला पदर खोचून म्हणाली, "सायेब, हितं गर्दी कुटं हाय? आमी सा बायका. गर्दी हाय ती तिकडं, सांगलीत. त्यास्नी सांगलीच्या सायबानं सांगावं."

साहेबांनी परिपत्रक आठवून पाहिलं. फेकलेल्या भाजीबद्दल त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून एका गड्यानं भोपळा मागितला. बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "झेलता येतं का?"

"म्या काय किरकेट खेळतूय व्हय?"

"मग दोडका घ्या!"

*

एक निवृत्त सुभेदार रोज नाक्यावर येऊन उभे राहायचे. मिशा अशा, की बांबू नसता तरी गाड्या थांबल्या असत्या. "डिसिप्लिन पाहिजे! फौजेत आम्ही एका दिवसात पलटण टोचायचो!" असं म्हणत लोकांच्या रांगा लावायचे. आम्हाला बरंच होतं.

एक दिवस कांबळ्यांनी सहज विचारलं, "सुभेदारसाहेब, आपला दाखला?"

सुभेदारांना एकदम गावात काम आठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काम आठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळींनीच त्यांना हाताला धरून आणलं. बाई जेमतेम त्यांच्या छातीएवढ्या. सुभेदार खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि कांबळ्यांनी कापूस लावला न लावला तोच खुर्चीसकट आडवे झाले. सुई अजून हातातच होती!

आम्ही पाणी मारायला धावलो. बाईंनी मात्र शांतपणे बाही वर केली. "माजं टोचा. आन् मग त्यांचं बी मलाच टोचा."

"बाई, असं कसं चालेल?" साहेब म्हणाले.

"का चालायचं न्हाई? लगीन झाल्यापास्नं त्यांचं समदं मीच सोसतीया."

कांबळ्यांनी सुभेदारांना पडल्या जागीच टोचून टाकलं. शुद्धीवर आल्यावर सुभेदारांनी दंड चोळला आणि आम्हाला म्हणाले, "पाहिलंत? आवाज तरी निघाला का तोंडातून!"

*

नाका कधी उठवायचा, बाजार कधी उघडायचे, यावर तालुक्याला शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. नवे रोगी यायचे जवळजवळ थांबले होते. व्यापारी म्हणाले, बाजार उघडा पण जत्रा नको, जत्रेत रोग पसरतो. देवस्थानचे पंच म्हणाले, जत्रा उघडा पण बाजार नको, बाजारात रोग पसरतो. तालमीचे वस्ताद म्हणाले, दोन्ही राहू द्या, फक्त कुस्त्या सुरू करा. पैलवानाला पटकी होत नाही.

"आणि बघणाऱ्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांनी लांबनं बगावं."

पंचांनी तोड काढली. देवाची पालखी तेवढी निघू द्यावी, माणसं कुणी जाणार नाहीत.

"मग पालखी उचलणार कोण?"

पंच बसले. हेडमास्तर उठले आणि म्हणाले, बाकी काहीही उघडा, शाळा मात्र घाईनं उघडू नये, मुलांची प्रकृती नाजूक असते. हे बोलताना हेडमास्तरांचा चेहरा सुट्टीनं चांगला भरलेला दिसत होता!

तीन तास झाले. हॉलमध्ये माणसांना माणसं चिकटलेली. खिडक्यांत बसलेली, दारात उभी. एकच माठ, त्यात एकच पेला, तो सगळ्या हॉलभर फिरत होता. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

मागून कांबळ्यांनी हात वर केला. "एक शंका हाय साहेब. माणसं गोळा करायला बंदी हाय न्हवं? मग ह्या मीटिंगला परवानगी कुणी दिली?"

हॉल अर्ध्या मिनिटात रिकामा झाला. पेला कुणाच्या हातात राहिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. निर्णयही झाला नाही.

*

निर्णय पुढं वरून झाला. आमचे वरचे साहेब तेव्हा पलीकडं सांगलीच्या दौऱ्यावर होते. एक शिपाई सायकल मारत सांगलीच्या बाजूनं आला आणि बांबूपलीकडून ओरडला, "शेंडेसायब! तुमचा हुकूम हाय. लय अर्जंट!"

"दाखला?" साहेबांनी विचारलं.

शिपायाकडं दाखला नव्हता. म्हणजे त्याला इकडं येता येईना. साहेबांनाही नेमणुकीची जागा सोडून तिकडं जाता येईना. कांबळे म्हणाले, पाकीट फेकायला सांगा. साहेब म्हणाले, साथीच्या भागातली वस्तू जंतुनाशकातून काढल्याशिवाय घ्यायची नाही, असं परिपत्रक आहे.

"मग तूच उघडून वाच रं," कांबळे शिपायाला म्हणाले.

"म्या शिपाई हाय. सरकारी पाकीट फोडलं तर माजी नोकरी जाईल."

शेवटी पाकीट लांब काठीला बांधून अलीकडं घेतलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं ते लाल औषधाच्या बादलीत बुडवलं, नियमाप्रमाणे मिनिटं मोजली, बाहेर काढलं आणि उघडलं. आत गुलाबी कागद. शाई सगळी बादलीत! वाचता येत होता फक्त एक शब्द, 'तात्काळ'.

तात्काळ काय? नाका उठवायचा, का दुसरा बांबू टाकायचा? शिपायाला काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी कागद उन्हाकडं धरला, उलटा धरला. मग तार केली. तारेचं उत्तर यायला चार दिवस गेले आणि उठलेला नाका चार दिवस जागेवरच राहिला.

कांबळे बादलीत डोकावून म्हणाले, "सायेब, हुकूम एकदम निर्जंतुक झाला बगा. आता त्यापासनं कुणालाच काय व्हायचं न्हाई!"

*

एक किस्सा राहिलाच. नाका ऐन भरात होता तेव्हाचा.

कराडकडच्या एका खेड्यातून तात्या नावाचे शेतकरी आले. साठीचे, रंगानं काळेभोर, आवाज खणखणीत. त्यांची सून रुसून माहेरी गेली होती, कवठे महांकाळकडं. कारण एवढंच, की पाहुण्यांच्या पंगतीत तात्या म्हणाले होते, "ही भाकरी हाय का घोंगडं?" मुलगा फौजेत. महिनाअखेर तो रजेवर यायचा होता, आणि घरात बायको दिसली नाही तर बापाला काय विचारील, याची तात्यांना धास्ती. "सुनेला घेऊनच येतो," असं गावाला सांगून ते निघाले होते.

कांबळ्यांनी त्यांना टोचलं. साहेब म्हणाले, "आता सहा दिवसांनी या."

"मोकळ्या हातानं गावात कसा जाऊ? हितंच बसतो."

आणि बसले! बांबूजवळच्या जांभळीखाली घोंगडी पसरली. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला मदत करायला लागले. चौथ्या दिवशी त्यांना परिपत्रकं पाठ झाली. पाचव्या दिवशी त्यांनी एक एसटी परत पाठवली, तेव्हा साहेब जेवत होते!

सातव्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन येताना दिसली. तात्या उठून उभे राहिले. सूनच होती. नवऱ्याच्या रजेचं पत्र तिलाही गेलं होतं, म्हणून आपणहून निघाली होती. तिनं सासऱ्याला पाहिलं, पदर सारखा केला आणि बांबूला हात घातला.

तात्यांनी वरून बांबू दाबून धरला. "सूनबाई, सर्टिफिकीट?"

"काय, मामंजी?"

"टोचल्यालं सर्टिफिकीट. न्हाई? मग सा दिस थांबावं लागंल."

"म्या आपल्या पायानं परत आली, आन् तुमीच मला आडिवता?"

"मी न्हाई आडवत. नियम आडवतोय."

आता ही परत जाते आणि पुन्हा काही येत नाही, असंच आम्हा तिघांना वाटलं. शेंडेसाहेबांचासुद्धा हात बांबूकडं गेला, तो त्यांनी मागं घेतला. सुनेनं गाठोडं खाली आपटलं, कांबळ्यांच्या पुढं दंड केला, टोचून घेतलं आणि पलीकडच्या काठावर झाडाखाली पाठ करून बसली.

साहेबांनी तात्यांना त्यांचा दाखला दिला. "तुमचे सहा दिवस झाले. तुम्ही आता पलीकडं जाऊ शकता."

तात्या पलीकडं गेले आणि सुनेपासून चार हातांवर जाऊन बसले. दुपारी तिनं तीन दगड मांडले, गाठोड्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, भाकरी थापली. पहिली भाकरी सासऱ्याच्या पुढं ठेवली आणि ओढ्याकडं बघत म्हणाली, "आनखी एक घोंगडं वाढू का?"

भर उन्हाळा. तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दोन वाढ. लय थंडी वाजतीया."

ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून पलीकडच्या झाडाखाली संसारच मांडला गेला. तात्या लाकूडफाटा आणायचे, सून भाकरी करायची. दुपारी दोघं जमिनीवर रेघा ओढून खड्यांनी वाघ-बकरी खेळायची आणि चढ्या आवाजात भांडायची. चार दिवसांत आम्हा तिघांच्या भाकरीही तिकडूनच यायला लागल्या.

सहा दिवस झाले तसा मी सुनेचा दाखला लिहिला, साहेबांनी सही केली. स्वतः बांबू वर उचलून ते म्हणाले, "या तात्या. मुदत संपली. घेऊन जा सूनबाईंना घरी."

तात्यांनी हातातला खडा खाली ठेवला नाही.

"सायेब," ते म्हणाले, "कागूद नीट वाचलाय न्हवं? सात तर न्हाईत लिवल्यालं?"