दगड कोणत्या अंगाला

उभ्याने शतावर खणणाऱ्याला भागाबाई माणसात धरत नसे. उभ्याने घातलेला घाव कुठे लागला ते हाताला कळत नाही. मुळी मधेच तुटते, अर्धी हाती येते आणि अर्धी मातीत सडते. म्हणून ती वेलाजवळ खाली बैठक मारायची, पदर कमरेला खोचायची, हातभर लांबीच्या पहारीने माती नुसती सैल करायची आणि पुढचं सगळं बोटांनी. शतावरीचे काटे आकड्यासारखे उलटे असतात. लुगड्यात अडकले तर ओढून सुटत नाहीत, आपणच जरा मागे सरकावं लागतं. नवी माणसं ओढतात आणि लुगडं फाडून घेतात. भागाबाईनेही पहिली दोन वर्षं फाडून घेतलं होतं.

ती मूळची पाचोऱ्याकडची, काळ्या मातीतली. दगड तिने पाहिला होता तो पाट्या-वरवंट्याचा. लग्न होऊन दोंडाईच्याच्या पलीकडच्या या गावी आली, तर दारातून दिसायची ती नुसती टेकाडं. नवऱ्याचं, लोटनचं, तीन बिघे कोरडवाहू. त्यात बाजरी व्हायची तेवढी व्हायची. बाकीचं घर सासू झुंबरबाईच्या पहारीवर चालायचं. गोखरू, बेहडे, बिब्बे, गुळवेल, आणि कार्तिक उतरला की शतावर. पोट राहिलेल्या नि बाळंत झालेल्या बायांना शतावर लागते, दुभत्या गाईला लागते, आणि दोंडाईच्यात पारसमल शेठच्या दुकानातून ती इंदूरपर्यंत जाते. सासूने सुनेला आधी स्वयंपाक नाही शिकवला, आधी टेकाडावर नेलं.

गायरानाच्या टोकाला कोंबडबारीचा उतार होता. तिथे चौदा वेल. झुंबरबाईने एकेक दाखवला: ही मोठी, ही तिरपी, ही करवंदीतली. आणि नियम सांगितला. एका वर्षी वेलाचं एकच अंग खणायचं. यंदा उगवतीचं काढलं तर मावळतीचं राखायचं, पुढच्या वर्षी उलट. खणलेल्या अंगाला मातीवर एक दगड ठेवायचा. तो म्हणजे झाकण. पुढच्या कार्तिकात दगड दिसला की समजायचं, हे अंग गेल्या साली काढलंय, याला हात लावायचा नाही, दुसरीकडून खणायचं, आणि दगड उचलून त्या अंगाला ठेवायचा. चौदा वेलांचं कुठलं अंग कधी काढलं हे डोक्यात ठेवायची गरज नाही. दगड सांगतो.

झुंबरबाई गेली त्याला आता बारा वर्षं झाली होती. भागाबाई पन्नाशीला टेकली होती. तिची शतावर दोंडाईच्यात नावाने विकली जायची. उकळत्या पाण्यातून काढून, साल सोलून, मधला दोरा ओढून, सावलीत वाळवलेली. पारसमल शेठ दुसऱ्यांच्या पोत्यांची तोंडं सोडून, हात घालून, तळापर्यंत ढवळून बघायचा. भागाबाईचं पोतं तसंच आत जायचं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पौषात शेठने तिच्याही पोत्याचं तोंड सोडलं.

त्याने मूठभर मुळ्या काढल्या, एक मोडली, दाताखाली धरली. मारवाडातून आलेला त्याचा आजा. पण शेठ अहिराणी गावातल्या कुणापेक्षा कमी बोलत नसे.

"भागाबाई, पोतं तुन्हंच शे ना?"

"मन्हंच शे. दुसरानं कसाले आनसू?"

"मंग येल उपाशी शे का काय? काडी शे ही, मुळी नही."

दुकानात चार माणसं होती. त्यांनी ऐकलं. शेठने माल घेतला, पण दुसऱ्या पोत्यांबरोबर, बाहेरच्या ओट्यावर टाकला. भागाबाई एस.टी.त बसली तेव्हा तिचे कान गरम होते. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. मुळ्या बारीक होत्या हे तिच्या बोटांना खणतानाच कळलं होतं. गेल्या तीन-चार वर्षांपासून कळत होतं, आणि तिने ते पावसावर ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती उतारावर गेली, वेल नीट बघायला. आणि मोठीपाशी पोचली तर तिथेच उभी राहिली. कार्तिकात तिने मोठीचं उगवतीचं अंग खणलं होतं आणि दगड उगवतीलाच ठेवला होता. आता दगड मावळतीला होता. उगवतीची माती पुन्हा उकरलेली, ताजी, ओली. पुढच्या वेलालाही तेच. पाच वेलांचे दगड फिरले होते, नऊ अजून तिने ठेवले तिथेच होते. म्हणजे कुणीतरी मधूनमधून येऊन एकेक वेल काढत होतं, आणि काढून झाल्यावर दगड नीट, सरळ, पलीकडच्या अंगाला मांडून जात होतं.

घरी येऊन तिने लोटनला सांगितलं की चोर आहे आणि तो आपली टिंगल करतोय. लोटन खाटेवर पडून बिडी ओढत होता.

"चोर कधी दगड ठेई जास का?" तो म्हणाला. "हाऊ चोर नही, सरकारी माणूस शे. दगडनी बदली करस."

ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. ते दोन्ही दिवस ती उतारावर अंजनाच्या झाडाखाली बसून होती, मांडीवर पहार घेऊन. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पलीकडच्या अंगाने एक म्हातारा चढून आला. उघडा, काटक, डोक्याला फडकं, हातात तिच्यासारखीच आखूड पहार. बारीच्या खिंडीपल्याड पाडा होता, तिथला असणार. त्याने सहाव्या वेलाभोवती एक फेरी घातली. दगड पाहिला, उचलून बाजूला ठेवला, आणि त्याच जागी बैठक मारून माती सैल करायला लागला. खाली बसून. बोटांनी. भागाबाईला राग यायच्या आधी हे दिसलं, आणि मग राग आणखीच आला.

ती जाऊन त्याच्या समोर उभी राहिली.

"आबा, हाऊ येल कोना शे?"

"देवना," तो वर न बघता म्हणाला. मग त्याने तिच्या हातातली पहार पाहिली आणि हात थांबवले. "तूच का ती चोट्टी? इतला वरीस मी म्हनस, मन्ही मुळी कोन लई जास."

"चोट्टी कोले म्हनस, डोकरा? दगड मन्हा शे. मन्ही सासूना शे."

"मन्हा बापना शे."

त्याचं नाव वना. त्याच्या पाड्यावर बाई बाळंत झाली की वनाकडून शतावर जायची. उरलेली तो साक्रीकडच्या बाजारात धान्यावर देऊन यायचा. माघाच्या आत काढायची, पाला झडायला लागला की, असं त्याच्या बापाचं सांगणं. उगवतीकडून भागाबाई यायची ती कार्तिकात, मावळतीकडून वना यायचा तो पौषात. इतकी वर्षं एका उतारावर खणून दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

दोघं बराच वेळ एकमेकांना चोर म्हणत राहिली. भागाबाईने विचारलं की दगड ठेवलेल्या अंगाला हात घालायची लाज कशी वाटत नाही. वनाला हा प्रश्नच कळला नाही.

"जठे दगड, तठे खंद," तो म्हणाला. "माले बापनी हाईच शिकाडं."

"जठे दगड, तठे हात लावना नही," भागाबाई म्हणाली. "माले सासूनी हाई शिकाडं."

वनाने फडकं सोडून तोंड पुसलं. भागाबाई खाली बसली.

हळूहळू उलगडलं ते असं. वनाच्या बापाचा नियमही एका वर्षी एकाच अंगाचा होता. पण तो दगड ठेवायचा तो राखलेल्या अंगाला, पुढच्या साली इथून खणायचं म्हणून. भागाबाईचा दगड म्हणजे झालेलं काम, वनाचा दगड म्हणजे उरलेलं काम. कार्तिकात ती उगवतीचं अंग काढून दगड उगवतीला ठेवायची. पौषात वना यायचा, दगड उगवतीला पाहून उगवतीचंच अंग पुन्हा उकरायचा, हाताला लागेल ती कोवळी काडी काढायचा आणि दगड मावळतीला मांडायचा. पुढच्या कार्तिकात भागाबाई दगड मावळतीला बघून म्हणायची, मावळतीचं गेल्या साली झालं, आता उगवतीचं. आणि पुन्हा तेच. डोक्यात ठेवायचं नाही म्हणून तर दगड होता. त्यामुळे दगडाला कुणी विचारलंच नाही.

दोघांनी इमानाने नियम पाळला होता आणि दोघांनी मिळून वेलांचं एकच अंग वर्षातून दोनदा सोलून काढलं होतं.

"बठ्ठा? चौदाबी?" भागाबाईने विचारलं.

"बठ्ठा असतीन," वना म्हणाला.

एवढं बोलल्यावर दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं, आणि दोघांचीही नजर वेलाच्या पलीकडे गेली. भागाबाई उठून मावळतीला जाऊन बसली. पहार तिने बाजूला ठेवली. नुसत्या बोटांनी वीतभर माती काढली. खाली मुळी लागली ती अंगठ्यापेक्षा जाड. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, झुपकाच्या झुपका, कित्येक वर्षांचा, कुणाचाच हात न लागलेला. अशी शतावर तिने सासूच्या हयातीतही पाहिली नव्हती.

वनाही येऊन बसला होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"काढी लेवूत?" तो हळूच म्हणाला.

तिला शेठचा ओटा दिसत होता. चौदा वेलांचं मावळतीचं अंग, दोन दिवसांचं काम. हे पोतं नेलं असतं तर शेठने त्यातली एक मुळी काढून दुकानातल्या लोकांना दाखवली असती. तिने मुळीवर बोट ठेवलं होतं ते उचललं नाही. वेल तिच्या डोक्यावर वाऱ्याने हलत होता, एका बाजूने हिरवा आणि उगवतीच्या बाजूने काटक्यांसारखा सुकलेला. इतकी वर्षं तो याच मुळ्यांवर उभा होता.

"उगवतनं काही नही राह्यनं," ती म्हणाली. "हाईबी काढं ते येल मरी."

"मरी," वना म्हणाला.

मग भागाबाईने माती पुन्हा लोटली आणि तळहाताने दाबली. वनाने त्या सकाळी निघालेल्या चार काड्या मुठीत घेतल्या आणि तिच्या भाकरीतली अर्धी मागून खाल्ली. ठरलं ते जेवता जेवता. दोन वर्षं कुणीच खणायचं नाही. तिसऱ्या वर्षी कार्तिकी पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी दोघांनी एकाच वेळी यायचं, मावळतीचं अंग काढायचं, अर्धं अर्धं. कुणाचा दगड खरा हे मात्र ठरलं नाही. वना बापावरून हटेना, ती सासूवरून हटेना. शेवटी दोघांनी मिळून चौदाही दगड उचलले आणि उतारावरून खाली फेकले.

पुढच्या बाजाराला ती गोखरू घेऊन पारसमलकडे गेली आणि सांगून टाकलं की दोन वर्षं शतावर मिळणार नाही. शेठला वाटलं ती त्या दिवसाच्या रागाने बोलतेय. त्याने चहा मागवला, समजावलं.

"दोन वरीसमा लोके तुन्हं नाव भुली जातीन, भागाबाई."

"भुलतीन ते भुलतीन. तुम्ही गोखरू मोजा, शेठ."

ती दोन वर्षं सोपी गेली नाहीत. भागाबाई लोकांच्या निंदणीला गेली. लोटनने बोलून बोलून तिचं डोकं खाल्लं की टेकाडात पुरून ठेवलेलं खायला मिळत नाही. गल्लीतल्या धुरपदाबाईची लेक पहिलटकरीण, माहेरी आली, तेव्हा धुरपदाबाई शतावर मागायला आली. भागाबाईने डब्यातल्या उरलेल्या काड्या दिल्या. ताजी जाड मुळी काढून आण म्हटल्यावर नाही म्हणाली. धुरपदाबाईने ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. टेकाड काय हिच्या बापाचं आहे का, असं बायका नळावर म्हणायच्या, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती हंडा भरून घरी यायची.

तिसऱ्या कार्तिकात ठरल्या दिवशी ती गेली तेव्हा वना आधीच येऊन बसला होता. करवंदीतला वेल आणि त्याच्या खालचा एक, असे दोन वाळून गेले होते. उरलेले बारा उभे होते. उगवतीच्या अंगाला तिने एका ठिकाणी बोटं घालून पाहिलं. नव्या मुळ्या धरल्या होत्या, कोवळ्या, करंगळीएवढ्या. तिने माती सारली. मग दोघांनी मावळतीची अंगं काढली. वनाच्या गुडघ्यांनी दम सोडला होता, बसला की उठवत नव्हतं, म्हणून शेवटचे पाच वेल तिनेच खणले. तो बसल्या जागी मुळ्यांची माती झाडत राहिला आणि ती पहार कशी चुकीची धरते ते सांगत राहिला.

ऊन कलल्यावर वाटणी आली. तराजू कुणाकडेच नव्हता. एकाने ढीग करायचे आणि दुसऱ्याने हवा तो उचलायचा, पुढच्या साली उलट, असं वना म्हणाला. भागाबाईने दोन ढीग केले. इकडची मुळी तिकडे टाकली, तिकडची इकडे, उठून लांबून पाहिलं, पुन्हा बसून एक मुळी हलवली. तिच्या मते बरोबर झाले.

वनाने दोन्ही ढिगांभोवती सरपटत एक फेरी घातली. दोन्हींत हात घालून उचलून बघितलं. बराच वेळ घेतला. आणि मग जो तसूभर मोठा होता तो आपल्या फडक्यात ओढला.

भागाबाईने तोंड वाकडं केलं. निवड तिच्याकडे असती तर तिनेही तोच उचलला असता. आणि पुढच्या साली ढीग वना करणार होता.