पानिपतावर दिलेलं आवतण

कुसुमताई गेल्याचा निरोप ऐन श्रावणात तिच्या सुनेनं, माधुरीनं, घरी येऊन दिला. नागपूरला धरमपेठेतल्या शाळेत आम्ही वर्षानुवर्षं बरोबर शिकवलं. ती इतिहास, मी भूगोल. निरोप ऐकला आणि मला आधी आठवलं ते पानिपत...

बांगलादेशच्या युद्धानंतरचे ते दिवस. आम्हा शिक्षिकांची नाताळच्या सुट्टीत सहल निघाली, तीही लढायांची ठिकाणं बघायला! घरोघरी आमची यथेच्छ थट्टा झाली. पण कुसुमताई हट्टाला पेटली की मुख्याध्यापकसुद्धा नमतं घेत. तिच्या हट्टामागचं कारण फक्त मला ठाऊक होतं. तिच्या सासरचा एक पूर्वज पानिपतावर गेला तो परतलाच नाही. पितृपक्षात त्याच्यासाठी एक पान जास्तीचं मांडत. सासूनं मरताना तिला सांगितलं होतं, "कधी तिकडे गेलीस तर त्याले घरी बोलावून आण. लई दिवस झाले."

दिल्लीला लाल किल्ल्यातल्या संग्रहालयात आम्ही तलवारी बघत हिंडलो. ती मात्र एका चिलखतापुढे थबकली. "हे घालून माणूस जेवत कसा असेल वं?" एवढंच म्हणाली.

पानिपतला पोचलो तेव्हा धुकं नुकतंच विरलं होतं. विटांचा एक खांब, भोवती कुंपण, आणि पुढे नजर जाईल तिथवर कोवळा गहू. बस्स. मला तिथं चपला घालून उभं राहायचा धीर होईना. मी त्या काढून हातात घेतल्या. कुसुमताई तांब्या घेऊन पुढे गेली, पाणी सोडायला वाकली आणि तशीच राहिली.

"काहून थांबली, ताई?" मी विचारलं.

"एकट्याले कसं बोलावू वं? इथं पडलेले बाकीचे सारे पाहून राहिले ना..."

तिचे डोळे वाहत होते. मग ती ताठ उभी राहिली आणि त्या शेताकडे बघत, वर्गात हजेरी घ्यायच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सगळेच चला. नागपूरले चला. जेवायलेच या." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्ता लिहितानाही आला.

तेव्हापासून पितृपक्षात ते पान वाढण्याआधी ती तोच तांब्या भरून पाटासमोर ठेवायची. मी एकदा हसले, तर म्हणाली, "लांबून येतात. आधी पाणी नको?"

यंदा तिचं वर्षश्राद्ध व्हायचंय, त्यामुळे त्यांच्याकडे पक्ष नव्हता. तरी सवयीनं पक्षाच्या तिथीला पाय तिकडेच वळले. स्वयंपाकघरात सामसूम. भिंतीशी पाट मात्र मांडलेला, आणि समोर तांब्या, काठोकाठ भरलेला.

माधुरी ओशाळली. "यंदा पान चालत नाही, काकू. पण ते तर निघालेच असतील ना... आईले सोबत घेऊन."