सातवर सदतीस

शेलूबाजारला हायवेच्या कडेला सेवालाल राठोडचं गॅरेज आहे. पाटी नाही, तरी ट्रेलरवाले बरोबर तिथंच थांबतात. सेवालाल कामरगावजवळच्या तांड्यातला. आईबापांसोबत ऊसतोडीला जायचा. उसानं भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टर चढावर कुठं दम टाकतो, हे त्याला तिथंच कळायला लागलं. पुढं त्यानं कोयता सोडून पाना धरला.

गेल्या उन्हाळ्यात वाशीमच्या वैजयंतीताई आल्या. पोकलेन वाहून न्यायला त्यांनी जुना ट्रेलर घेतला होता आणि मेडशीच्या पुढच्या घाटात तो क्लच जळून दोनदा अडकला होता.

"इंजिनच बदला, भाऊ."

"इंजिनले काहून दोष देता? गाडी जाते कुठं, ते सांगा पयले."

"घाटात, नाहीतर खदानीत."

सेवालालनं मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि हातानं दोनदा फिरवलं. दोन्ही अ‍ॅक्सलांमधली चाकांना जोर पोचवणारी शाफ्ट चार फेऱ्यांहून जरा जास्त फिरली.

"एकच चाक उचललं तं त्याच्या दोन फेऱ्या म्हंजे गाडीची एक; तिले शाफ्ट चारदाच फिरते. हे सपाट रस्त्यावर पळायचं गिअर हाये, ताई. तुमाले सव्वापाच पायजे. शाफ्ट जास्त फिरन, चाकाले जोर येईन."

"मग सहा-साडेसहाच टाका ना!"

"टाकतो. पण मंग रिकामी गाडीबी पन्नासवर बोंबलन आन् डिझेल पीन. घाटापुरता जोर घ्या."

ताईंना पटलं. जुन्या मालाच्या दुकानातून दोन्ही अ‍ॅक्सलांसाठी क्राउन-पिनियनच्या, म्हणजे मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक यांच्या, दोन जोड्या आल्या. सेवालालचा भागीदार बादल बसवायलाच लागला होता.

"सदतीस-सदतीस दात हायेत, मोजले म्या," तो म्हणाला.

"ते मोठ्या चाकाचे. पिनियनचे?"

सेवालालनं दोन्ही पिनियन पुसले, दातांवरून बोट फिरवलं. एकाला सात, दुसऱ्याला आठ.

"काढ बाहेर. सातवर सदतीस म्हंजे सव्वापाच, आठवर साडेचारच्या जरा वर. दोन अ‍ॅक्सल दोन चालींनी ओढतीन. घाटातच एकमेकाले खातीन."

"भाऊ, उद्याचा लोड कबूल केलाय मी," ताई काकुळतीला आल्या.

"उद्या नाई. परवा."

एवढंच बोलून तो चहाला गेला. दुसऱ्या दिवशी सात-सदतीसची जोडी मिळाली तेव्हाच त्यानं काम पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी पोकलेन चढवून ट्रेलर निघाला. ड्रायव्हर गोविंदसिंग, शेजारी ताई आणि सेवालाल. अर्ध्या घाटात पुढची बस अचानक थांबली. गोविंदसिंगनं ब्रेक दाबला. सगळं वजन मागं ओढत होतं. ताईंनी समोरचा दांडा घट्ट धरला.

"आता उठन का हे?" गोविंदसिंगनं विचारलं.

"पयला टाक. क्लच हळू सोड. रेस देऊ नको."

बस हलली. इंजिन खोल आवाजात घुमलं आणि ट्रेलर मुंगीच्या चालीनं, पण न थबकता वर निघाला. जळका वास आला नाही. माथ्यावर ताई खळखळून हसल्या.

येताना गाडी रिकामी होती. गोविंदसिंग कुरकुरला, "पयल्यासारखी पळत नाई."

"पळायले नाई घेतली," ताई म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याच्या घाटातल्या लोडला त्यांनी तिथूनच फोनवर होकार दिला.